कचरूशेठची थरथरती गाडी

सायन्स शिकवणाऱ्या माणसाने शेजाऱ्याच्या ट्रकविषयी मत देऊ नये, असा एक कायदा सरकारने करायला हवा. सत्तावन्न साली तो कायदा असता तर मला आठवडाभर अन्न गोड लागलं असतं आणि एका भल्या माणसाच्या नोकरीवर गदा आली नसती. पण सरकार तेव्हा फार कामात होतं. आम्ही नुकतेच हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेलो होतो आणि कचेऱ्यांमधून कोणता कागद कुठे ठेवायचा, एवढंच ठरत होतं.

मी केशव मंठेकर, बी.एस्सी. जालन्याच्या एका हायस्कुलात सायन्स शिकवतो आणि तिथल्याच कादराबाद भागात कचरूलालशेठच्या मागच्या दोन खोल्यांत राहतो. माझ्या खिडकीखाली शेठचं आवार. त्या आवारात शेठनी आदल्या दसऱ्याला घेतलेला डिझेल ट्रक उभा असायचा. आमच्या गल्लीतला पहिलाच ट्रक, त्यामुळे तो एकट्या शेठचा नव्हता. येणारा-जाणारा त्याच्या चाकाला एक लाथ मारून, "हवा बराबर है" असं म्हणूनच पुढे जायचा.

ट्रक चालवायला परतूरचा एक ड्रायव्हर होता. त्याचं नाव काकासाहेब. हे आईबापांनी पाळण्यातच ठेवलेलं नाव, मानाने मिळालेलं नव्हे. त्यामुळे शेठ त्याच्यावर ओरडत, तेव्हाही "काकासाहेब, गधा है क्या तू?" असं काहीतरी विचित्र ऐकू यायचं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. पूर्वी निजामाच्या फौजेत लॉरी चालवलेला. बायको परतूरला, आणि हा आमच्या आवारातल्या ओट्यावर वळकटी टाकून राहायचा.

आषाढी एकादशीपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. त्यानंतर गाडी थरथरायला लागली. म्हणजे सकाळी अगदी शहाण्यासारखी सुरू व्हायची, अंबडला जायची, किराणा टाकून धान्य भरून यायची. पण दुपारी आवारात येऊन उभी राहिली आणि काकासाहेबाने ॲक्सिलेटरवरून पाय काढला, की हीव भरल्यासारखी हुडहुडायची. आवाज चढायचा, उतरायचा, मध्येच बंद पडतो की काय वाटायचं, पुन्हा चढायचा. बॅटरी अशक्त, म्हणून माल उतरेपर्यंत काकासाहेब इंजिन बंद करायला धजत नसे. तेवढा वेळ आमच्या फळीवरची भांडी एकमेकांशी बोलत राहायची.

मी अर्थातच दुर्लक्ष केलं. दुसऱ्याच्या भानगडीत पडायचा माझा स्वभाव नाही. पण एका दुपारी लाल शाईची दौत टेबलावरून आपणहून चालत निघाली आणि आठवी ब च्या पहिल्या चाचणीच्या पेपरांवर आडवी झाली. एकवीस मुलं एका क्षणात नापास दिसू लागली. तेव्हा मात्र मी पायांत चपला घातल्या आणि खाली उतरलो.

खाली सल्लागार मंडळ जमलेलंच होतं. शेजारचे बजरंगलाल यांच्या जिनिंगमध्ये एक इंजिन होतं, त्यामुळे इंजिन या विषयावर शेवटचा शब्द आपला, असं त्यांचं मत.

"डिझेल हाय का टाकीत?" बजरंगलालनी विचारलं. हा प्रश्न पहिला. तेव्हापासून दीड महिन्यात जो कोणी आला, त्याने हाच प्रश्न आधी विचारला. डॉक्टर जीभ बघतो तसं. प्रत्येक वेळी काकासाहेब मुकाट्याने टाकीचं टोपण काढायचा, काठी बुडवून दाखवायचा आणि टोपण लावायचा.

"भरपूर हाय," काकासाहेब म्हणाला. "शेठ, म्या सांगून राह्यलो ना, दुपारनंतरच असं होतं. चढाला बी ओढ कमी पडून राह्यली. सकाळी न्हाई."

त्याच्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. जो गाडी रोज चालवतो त्यालाच विचारायचं, हा साधेपणा आमच्या गल्लीत नाही. बजरंगलालनी इंजिनाच्या अंगावर हात ठेवला, डोळे मिटले आणि "गरमी आहे, गार पाणी ओता" असा निकाल दिला. रेडिएटरात दोन बादल्या पाणी गेलं. आणि काय सांगावं, गाडी खरोखर शांत झाली! बजरंगलालनी मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी पुन्हा वाजायला लागली.

मग तहसीलीतले शरदचंद्र आले. ते होमिओपॅथीची पेटी बाळगत आणि दृष्ट काढण्यावरही त्यांचा विश्वास होता; एक लागू पडलं नाही तर दुसरं. त्यांनी आधी "डिझेल आहे ना?" विचारलं, काठी बुडवून पाहिली, मग बॉनेटवरून लिंबू उतरवून चाकाखाली ठेवलं. गाडी शांत. चोवीस तासांनी पुन्हा ताप. असे आमच्याकडे पंधरा दिवसांत सात वैद्य झाले आणि सातही जण आपापल्या उपायाने गाडी बरी झाल्याचं शपथेवर सांगायला तयार होते. पुन्हा बिघडते ती ड्रायव्हरच्या पथ्य न पाळण्याने.

माझी पाळी आठवी. मी शाळेच्या लायब्ररीतून तेलाच्या इंजिनांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं, रात्री वाचलं आणि रविवारी धोतराचा काचा मारून बॉनेटखाली डोकं घातलं. खाली गल्ली उभी, वर खिडकीत शरयू, म्हणजे माझी पत्नी, उभी. मी गंभीर आवाजात म्हणालो, "प्रथम याचे स्पार्क प्लग काढा."

काकासाहेबाने माझ्याकडे पाहिलं. मग इंजिनाकडे पाहिलं. मग अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू यावं अशा बेताने तो म्हणाला, "गुर्जी, डिझेलला प्लग नसतो."

त्याने हळू म्हटलं होतं, हे मी आज कबूल करतो. पण बजरंगलालचे कान तिखट. "मास्तर डिझेलचा प्लग शोधून राह्यलेत!" एवढं त्यांनी मोठ्याने म्हटलं आणि गल्ली हसली. वर खिडकीतही हसण्याचा आवाज झाला. त्यानंतर आठवडाभर मी कुठल्याही वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून 'प्लग' ऐकू यायचं. माणसाने बी.एस्सी. व्हावं कशासाठी?

दरम्यान शेठनी औरंगाबादहून एक उस्ताद आणवले. त्यांचं काम मात्र बघण्यासारखं होतं. इंजिन चालू ठेवून त्यांनी सिलेंडरांना तेल नेणाऱ्या सहा नळ्यांपैकी एकेकीचं नट पान्याने ढिलं केलं आणि कान लावला. नट ढिलं केलं की त्या सिलेंडरला तेल मिळत नाही. आवाज बदलला तर तो सिलेंडर जिवंत. नाही बदलला तर तो आधीच मेलेला, फुकट बसून खाणारा. उस्तादांनी सहाही तपासले आणि म्हणाले, "छे के छे जिंदा हैं. लाइन कहीं से हवा ले रही है." त्यांनी सगळे जोड आवळले, हाताच्या पंपाने हवा काढली, चहा घेतला आणि शेवटच्या बसने गेले. जोड आवळण्याआधी त्यांनीही डिझेल पाहिलंच होतं. गाडी अर्थात शांत. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्थात अशांत.

आता शेठना वाटायला लागलं, गाडी सरकारी माणसालाच दाखवावी. पण सरकारी माणसाने गाडी बघायची तर तिचे कागद हवेत. गाडीचं पुस्तक निजामी अमदानीनंतरच्या त्या मधल्या काळातलं, अर्धं उर्दूत. नव्या राज्यात ते चालेना. मोटारींच्या कचेरीने कळवलं, मराठी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, जोडा. तर्जुमा मीच केला, कारण माझं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. तो परत आला. तर्जुमा करणारा गॅझेटेड नाही. गॅझेटेड साहेबाकडे गेलो तर ते म्हणाले, मला उर्दू येत नाही, बरोबर आहे हे मी कसं सांगू? शेवटी मी त्यांना तो वाचून दाखवला, त्यांनी मान डोलावली आणि शिक्का मारला. या सगळ्यात तीन आठवडे गेले आणि सायकलचं एक टायर.

एके दिवशी इन्स्पेक्टर आले. साहेब शिस्तीचे. त्यांनी विचारलं, "इंधन आहे का?" काकासाहेबाने टोपण काढून दाखवलं. मग साहेबांनी इंजिन चालू करायला लावलं, बॉनेटवर एक रुपया कडेवर उभा केला आणि घड्याळ काढलं. रुपया पाच मिनिटं हलला नाही. साहेबांनी लिहिलं: 'वाहन निर्दोष.'

शेठ त्या संध्याकाळी माझ्या खोलीत आले. असे ते कधी येत नसत. "मास्तर," ते म्हणाले, "सरकार म्हणतं गाडी चांगली. मंग खराब काय हाय? तुम्ही शिकलेले माणूस. बिलकुल खरं सांगा."

आता इथे मी थांबायला हवं होतं. 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द मराठीत आहेत, मला ते येतातही. पण माझ्या मनात तो प्लग अजून सलत होता. मी म्हणालो, "गाडी निर्दोष असेल, तर दोष चालवणाऱ्याचा." बोलता बोलता मला तो सिद्धांत फारच आवडला. काकासाहेबाचा पाय जड आहे, दुपारनंतर तो थकतो, त्याचा दाब कमीजास्त होतो, म्हणून इंजिन अस्थिर होतं. शेठ म्हणाले, लिहून द्या. मी लिहून दिलं. चांगल्या टाकाने, ठळक अक्षरात, 'चालकदोष' या शब्दाखाली रेघ मारून, खाली बी.एस्सी.

उभ्या गाडीच्या ॲक्सिलेटरवर ड्रायव्हरचा पाय मुळी ठेवलेलाच नसतो, हे मला सही केल्यावर आठवलं. पण सही झाली होती.

शेठनी कागद वाचला आणि तिसऱ्या दिवशी काकासाहेबाला तो दाखवून सांगितलं, रविवारची अंबडची खेप शेवटची. सोमवारी औरंगाबादचा दुसरा ड्रायव्हर येतो आहे.  काकासाहेबाने पोस्टातून एक कार्ड आणलं आणि परतूरला घरी लिहिलं. पत्ता मीच घातला, कारण त्याचं अक्षर पोस्टमनला लागत नसे. मजकूर मी वाचला नाही. पण कार्ड उघडं असतं, आणि दोन ओळी दिसल्याच: 'नौकरी गेली. कोणाला बोलू नको.'

त्या दिवसापासून मला जेवण जाईना. शरयूने दोनदा विचारलं, बरं नाही का. मी म्हणालो, पित्त. तिने आल्याचा रस दिला. पित्तावर आल्याचा रस चालतो, मनावर नाही. तो माणूस ओट्यावर बसून वळकटीच्या दोऱ्या सरळ करत होता आणि मला बघून पूर्वीसारखाच उठून उभा राहत होता. त्याने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी शांत झोपलो असतो.

रविवार उजाडला. काकासाहेब सकाळीच अंबडला गेला. दुपारी शरयूने रॉकेलचा नवा डबा काढला. मी त्याला खिळ्याने एक भोक पाडून दिलं आणि बाटलीवर डबा ओणवा केला. रॉकेल आलं, थांबलं, डबा गुडगुडला, पुन्हा थोडं आलं, बाटलीबाहेर सांडलं, थांबलं. मी डबा हलवला, थोपटला.

"अहो, एका भोकाने तेल येतं का कुठे?" शरयू म्हणाली. तिने माझ्या हातातून खिळा घेतला आणि डब्याच्या वरच्या अंगाला दुसरं भोक पाडलं. "हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल? तुम्हीच तर शिकवता ना मुलांना?"

शिकवतो. दर वर्षी, आठवीला, हवेचा दाब. पत्र्याच्या डब्याचा प्रयोग करून दाखवतो. रॉकेल आता एका धारेने पडत होतं आणि मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो. बाटली भरली, वाहू लागली, तरी उभा. माझ्या डोळ्यांसमोर सात वैद्य, उस्ताद, इन्स्पेक्टर एकामागून एक येत होते आणि प्रत्येक जण आधी टाकीचं टोपण काढत होता. टोपण काढलं की गाडी बरी! पाणी नाही, लिंबू नाही, जोड नाही, रुपया नाही. टोपण!

"शरयू, मी गाढव आहे," मी म्हणालो.

"आधी डबा सरळ करा," ती म्हणाली.

चारच्या सुमाराला ट्रक आवारात शिरला आणि लागला थरथरायला. मी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेलो. शेठ होते, बजरंगलाल होते, शरदचंद्र होते. शेवटची खेप म्हणून बरीच मंडळी आली होती. ओट्यावर काकासाहेबाची वळकटी बांधून तयार होती. "इंजिन बंद करू नका!" मी ओरडलो. "टाकीचं टोपण उघडा!"

"डिझेल हाय मास्तर," बजरंगलाल म्हणाले. "सकाळी मी स्वतः पाह्यलं."

"डिझेल बघायचं नाही. सगळ्यांनी गप्प राहून ऐका."

काकासाहेबाने टोपण फिरवलं. ते सहज सुटेना. जोर लावला तेव्हा सुटलं, आणि टाकीने सुस्स् करून लांबलचक श्वास आत घेतला. तो आवाज आवारातल्या प्रत्येकाने ऐकला. मिनिटभर इंजिन तसंच हुडहुडत राहिलं. मग एक एक ठोका जाग्यावर बसत गेला आणि गाडी एका लयीत, सकाळसारखी चालू लागली.

टाकीतलं डिझेल जसजसं संपतं, तसतशी त्या जागी हवा आत यायला हवी. त्यासाठी टोपणाला एक बारीक छिद्र असतं. ते बुजलं तर पंप बिचारा ओढून ओढून थकतो आणि इंजिन उपाशी राहतं. मी टोपण उलटंपालटं करून पाहिलं. छिद्र होतं, पण त्यात काहीतरी दगडासारखं घट्ट बसलं होतं. शरयूने वरून अंबाड्याचा आकडा टाकला. मी टोकरलं. निघाला कापसाचा बोळा. डिझेल आणि धूळ पिऊन काळा, टणक झालेला.

"ये किसने घाला?" शेठनी विचारलं.

सगळ्यांनी काकासाहेबाकडे पाहिलं. गाडी त्याच्या ताब्यात, टोपण तो काढतो, तो लावतो. दुसरं कोण? काकासाहेबाने एकवार त्या बोळ्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावरून मला कळलं की त्याला ठाऊक आहे. पण तो खाली मान घालून उभा राहिला. 

"बोल ना!" शेठचा आवाज चढला.

"उसको क्या पूछता?" आतल्या दारातून आवाज आला. शेठच्या आई, इचरजबाई, काठी टेकत बाहेर आल्या. "वो बोळा मैंने घाला."

 इचरजबाईंचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. धर्माने अतिशय कडक. त्यांच्या घरात पाण्याचा थेंब दुहेरी गळण्यातून गाळल्याशिवाय कुणाच्या तोंडात जात नसे, आणि गाळून राहिलेलं पाणी, त्यातल्या जिवांसकट, पुन्हा विहिरीत सोडलं जाई. ट्रक आल्यापासून डिझेलही त्या गाळूनच घालायला लावत. "पानी में जीव होते, तो तेल में नहीं क्या?" असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी टाकीच्या तोंडावर गळणं धरून त्या स्वतः उभ्या राहत. त्याला कुणी हसत नसे, आणि डिझेल गाळण्यात वाईट काही नव्हतंही.

"चौमासा लागला," इचरजबाई सांगू लागल्या. "चिलटं, मुंग्या किती झाल्या. त्या टोपनाला भोक दिसलं. त्यातून मुंगी आत गेली, तेलात पडली, तर मरेल ना बापडी? म्हणून मी सुईने कापूस दाबला. काकासाहेब उभा होता तिथं. त्यानं पाह्यलं."

शेठ काकासाहेबाकडे वळले. "तुला मालूम होतं? मंग दीड महिन्यात बोलला का न्हाई?"

"मला काय ठावं शेठ, त्याच्यानं असं होतं म्हणून," काकासाहेब म्हणाला. "ते तर आत्ताच गुर्जीनं दाखवलं तवा कळलं."

"आन आता? आता का गप उभा होता?"

काकासाहेबाने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "मायनं जीव वाचवायला घातला व्हता," तो म्हणाला. "चारचौघांत त्यांचं नाव कसं घ्यावं?"

  इचरजबाई काठी टेकत टेकत पुढे आल्या. काकासाहेबासमोर उभ्या राहिल्या, काठी काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले.

"खमत खामणा, काकासाहेब," त्या म्हणाल्या. "मुंगीची दया केली आन माणसाच्या पोटावर पाय दिला. मला माफ कर."

जैनांच्या घरी संवत्सरीच्या दिवशी लहानमोठे सगळे एकमेकांची अशी क्षमा मागतात. शेठ घाईघाईने म्हणाले, "माँ, संवत्सरीला अजून आठ दिवस हायेत."

"आठ दिवस मी जगते का मरते, कुणी पाह्यलं?" इचरजबाई म्हणाल्या. हात जोडलेलेच होते. काकासाहेब एकदम खाली वाकला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. शेठनी डोळे पुसले आणि धूळ फार झाल्याचं सांगितलं. मग ते आत गेले, माझा कागद घेऊन आले, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "नव्या ड्रायव्हरला तार करतो, येऊ नको म्हणून." मी त्या कागदाची घडी घातली, मग आणखी घडी घातली, आणखी घालता येईना तेव्हा खिशात कोंबला.

आता पाळी माझी होती, हे मला कळत होतं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या बाईने हात जोडले होते आणि पस्तिशीचा मी टोपण हातात घेऊन उभा होतो. मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे," मी सुरुवात केली, "वातावरणाचा दाब हा सर्व बाजूंनी सारखा असतो. आता समजा एक बंद पात्र आहे..."

"अहो," वरून शरयूचा आवाज आला. "ते उद्या आठवीला सांगा. आधी म्हणायचं ते म्हणा."

पुन्हा गल्ली हसली. पण या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. मी टोपण खाली ठेवलं आणि हात जोडले. "काकासाहेब, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुमचा पाय बरोबर होता. मला इंजिनातलं काही कळत नव्हतं आणि तुम्ही ते हळूच सांगितलंत, याचा मला राग आला होता."

एवढं बोललो आणि छातीवरचं ओझं उतरलं. कित्येक दिवसांनी श्वास पुरता आत गेला. काकासाहेब लाजला. माझे हात त्याने धरून खाली केले. "गुर्जी, जाऊ द्या हो. तुम्ही कुटं वैरी हायेत माझे." मग जरा घुटमळून म्हणाला, "पण येक काम व्हतं. म्या घरी कार्ड धाडलं. नौकरी गेली म्हणून. आता म्या जाऊन सांगितलं का, न्हाई गेली, तर ती म्हणंल, मन राखायला खोटं बोलून राह्यला. तुम्ही चलता का परतूरला? उद्या शेठ तिकडची खेप देऊन राह्यले. तुम्ही सांगितलं म्हंजी तिला पटंल."

सोमवारी मी शाळेत रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं, हे सुचेना. शेवटी 'वैयक्तिक चूक' असं लिहिलं. हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि अशा कारणाला रजा देता येते का, हे बघायला नियमांचं पुस्तक मागवलं. पुस्तकात मनाई नव्हती.

परतूरपर्यंत मी काकासाहेबाशेजारी बसून गेलो. वाटेत तो इंजिनाबद्दल मला बरंच काही सांगत होता आणि मी विद्यार्थ्यासारखा ऐकत होतो. रेल्वे फाटकापाशी अर्धा तास उभे होतो, गाडी चालू ठेवून. माझ्या गुडघ्यावरचं वर्तमानपत्रसुद्धा हललं नाही. पण परतूर जवळ येऊ लागलं तसे माझेच हातपाय थरथरायला लागले. काकासाहेबाच्या घरासमोर गाडी थांबली. तो खाली उतरला, मागच्या चाकापाशी गेला आणि तिथे काहीतरी फार महत्त्वाचं बिघडल्यासारखा ते चाक तपासत बसला. मला एकट्यालाच दारापर्यंत जावं लागलं.

दारात त्याची बायको, झुंबरबाई, सुपात तूर पाखडत बसली होती. तिने पदर नीट केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोण हो तुम्ही?"

"मी जालन्याचा मास्तर. केशव मंठेकर."

"कागद लिवणारे?"

म्हणजे कार्डावर दोनच ओळी नव्हत्या. "हो," मी म्हणालो. "तोच."

सूप थांबलं. "मंग आता काय राह्यलं लिवायचं?"

"लिहायचं काही नाही. सांगायला आलो. काकासाहेबांची नोकरी गेलेली नाही. त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांचा पाय बरोबर आहे. चूक माझी होती, आणि मी शेठपुढे, गल्लीपुढे तसं म्हटलंय."

 तिचे डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत. मग तिने सूप बाजूला ठेवलं आणि चाकामागे दडलेल्या नवऱ्याला हाक मारली.

"अवं, या इकडं. मास्तरला पाय धुवायला पाणी द्या. चुकलं म्हणायला येवढ्या लांब आलेला माणूस म्या पहिल्यांदाच पाहून राह्यले. त्यांना भाकर खाल्ल्याबिगर सोडू नका."

ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि लसणाची चटणी होती. काकासाहेब आणि मी एका ओळीत बसलो. मी नको नको म्हणत अडीच भाकऱ्या खाल्ल्या, आणि तिसरीची उरलेली अर्धी तिने न विचारता वाढली, तीही संपवली.